जुन्या जिप्सी-जीपची थरथर: चाकात आहे, शाफ्टमध्ये की इंजिनात?

साठच्या आसपास काटा गेला की सीटखालून बारीक कंप सुरू होतो. आरशातली मागची गाडी पुसट दिसते, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर मुंग्या येतात. पंच्याहत्तरच्या पुढे सगळं पुन्हा शांत. जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी गाडी, घेतली की आज ना उद्या हा अनुभव येतोच, आणि पहिला सल्लाही ठरलेला असतो: चाकं बॅलन्स करून घ्या.

मीही तेच केलं. माझी जिप्सी किंग २००४ सालची. दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, मग दोन नवे टायर, शेवटी मागचे शॉकअप. थरथर होती तिथेच. अखेर साताऱ्यातले एक जुने मिस्त्री गाडीखाली आडवे झाले, शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीच्या, दोन्ही टोकांना टॉर्च मारला आणि बाहेर येऊन म्हणाले, "दोन्ही जॉइंट एका रेषेत नाहीत. शाफ्ट काढून परत बसवलाय कुणीतरी." सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजात मागचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा जॉइंट) बदलला होता, तेव्हाच शाफ्ट चुकीच्या दातावर बसला होता. थरथर त्यानंतरच सुरू झाली होती, पण मी या दोन गोष्टींची सांगड कधी घातलीच नव्हती. दुरुस्तीला अर्धा तास लागला. नवा पार्ट एकही लागला नाही.

म्हणून पैशांना हात घालण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: गाडीतली नेमकी कोणती फिरणारी वस्तू थरथरते आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत काहीही बदलायचं नाही. आणि सुरुवातीलाच आठवून बघा, थरथर सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं होतं.

आधी गाडीखालची ओळख

जिप्सीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असतात, पण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) त्यांना चिकटलेला नसतो. तो मागे वेगळा, चासीला तीन रबरी फाउंडेशनवर, म्हणजे हादरे झेलणाऱ्या आधारांवर, टांगलेला असतो. गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो आणि तिथून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला, एक मागच्या अ‍ॅक्सलला जातो. म्हणजे तीन शाफ्ट आणि सहा क्रॉस.

महिंद्राच्या जुन्या जीपची रचना वेगळी आहे. मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, तेव्हापासून ते अगदी एमएम ५४० पर्यंत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बसवलेला आहे. तिथे दोन शाफ्ट आणि चार क्रॉस. जिप्सीतला आखूड शाफ्ट जीपमध्ये नाही, हे लक्षात ठेवा, कारण जिप्सीचे कितीतरी न सुटलेले दोष तिथेच लपलेले असतात. तो खालून पटकन नजरेस पडत नाही, आणि ग्रीस मारणारा पोऱ्याही त्याला विसरतो.

थोडं गणित

जिप्सी किंगला कंपनीचा टायर २०५/७० आर १५. त्याचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ४७५ वेळा फिरतं. सेकंदाला आठ फेरे.

क्राउन-पिनियन म्हणजे शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी; पिनियन शाफ्टच्या बाजूचा. त्यांचं गुणोत्तर चारच्या आसपास धरा. मग मागचा शाफ्ट सेकंदाला सुमारे बत्तीस वेळा फिरतो. आणि क्रॉसच्या कोनामुळे येणारा कंप दर फेऱ्याला दोनदा येतो, म्हणजे सेकंदाला चौसष्ट.

हा फरक अंगाला कळतो. सेकंदाला आठ म्हणजे हादरा. स्टेअरिंग हलतं, सीट हलते, एकेक झटका जवळपास सुटा जाणवतो. बत्तीस म्हणजे थरथर, जमिनीला पाय टेकले तर तळव्यांना कळणारी. चौसष्ट म्हणजे घूं घूं, पिठाच्या गिरणीशेजारी उभं राहिल्यासारखी; ती हाताआधी कानाला कळते. हादरा असेल तर चाक, टायर, रिम, ड्रम यांच्याकडे बघा. थरथर किंवा घुमणं असेल तर बॅलन्सिंगच्या दुकानात जाऊ नका, शाफ्टकडे बघा.

टायर मोठे घातले असतील तर स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. वेग मोबाइलच्या जीपीएसवर वाचा, आणि तो शेजारी बसलेल्याने वाचावा.

रस्त्यावर जाण्याआधीची दहा मिनिटं

चारही चाकांचे नट पान्याने तपासा. हवा बघा. टायरच्या बाजूला फुगवटा आहे का, हे तळहात फिरवून बघा. गाडी दोन-तीन महिने एका जागी उभी असेल तर टायरला खालून चपटेपणा येतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी ठकठकत चालते. त्याला दोष समजू नका.

पावसाळ्यात माळावर किंवा कोकणातल्या लाल चिखलात गाडी घातली असेल तर रिमची आतली बाजू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरून गाडी धुतलेली, चकचकीत, आणि आतल्या खाचेत मूठभर चिखल वाळून दगड झालेला. बॅलन्सिंगवाला चाकाला चार-पाच ग्रॅमचं शिसं चिकटवतो, त्यावरून पावशेर मातीने काय होईल ते समजा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढा. तीच गोष्ट शाफ्टची. शाफ्टवर वाळलेला चिखल, अंडरबॉडीचा काळा थर, शेतातून येताना गुंडाळलेली नायलॉनची दोरी, ठिबकची नळी, हे सगळं मी स्वतः बघितलेलं आहे.

चालवून बघण्याच्या चाचण्या

सपाट, सरळ, रिकामा रस्ता आणि पहाटेची वेळ निवडा. घाटात यातली एकही चाचणी करू नका. सोबत एक माणूस आणि वही हवीच. कितव्या वेगाला सुरू होतं, कुठे सगळ्यात जास्त होतं, कुठे थांबतं, हे तीन आकडे लिहायचे.

पहिली चाचणी उभ्या गाडीची. न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू रेस करा. थरथर इथेच आली तर शाफ्ट निर्दोष, कारण तो फिरतच नाहीये. इंजिनाची फाउंडेशन, चुकणारा प्लग किंवा इंजेक्टर, क्लच-फ्लायव्हील अशा क्रमाने बघा. त्याच रेसवर क्लच दाबून फरक पडतो का, तेही लिहा.

दुसरी चाचणी एकाच वेगाची, दोन गिअरमध्ये. समजा थरथर ६५ ला येते. आधी पाचव्या गिअरमध्ये ६५ धरा, मग चौथ्यात. इंजिनाची गती बदलली पण थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सनंतरच्या भागात आहे: शाफ्ट, अ‍ॅक्सल किंवा चाक. गिअर बदलल्यावर ती वेगळ्या वेगाला सरकली तर इंजिन किंवा क्लच.

तिसरी चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते, म्हणून ती तीन-चार वेळा करा. थरथरीच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबा, मग तोच वेग नुसता धरून ठेवा, मग पाय पूर्ण उचला. दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर जाते? मग क्रॉसचे कोन चुकलेत, क्रॉस झिजलाय, किंवा पाटे (पानांच्या स्प्रिंग) ढिले होऊन जोर लावताना पिनियनचं तोंड वर उचललं जातंय. पाय उचलल्यावर वाढते आणि सोबत घरघर येते? पिनियनचं बेअरिंग किंवा त्याच्या नटचा ढिलेपणा. तिन्ही वेळा सारखीच? मग तोल बिघडलेला आहे, शाफ्टचा किंवा चाकाचा, आणि वर म्हटल्याप्रमाणे हादरा की थरथर यावरून कोणाचा ते ठरवा.

चौथी: त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून गाडी सोडून द्या. थरथर राहिली तर इंजिनाचा संबंध संपला. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर आणि असेल तर पॉवर स्टेअरिंग त्याच्यावर चालतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थडथडलं तर तो डिस्क किंवा ड्रमचा प्रश्न. खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जोरजोरात फडफडायला लागलं आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबलं नाही, तर ते दुखणं पुढच्या भागाचं: किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कड्यांचे) बुश. त्या अवस्थेत गाडी हायवेला घेऊन जाऊ नका.

पुढचा शाफ्ट बाजूला काढून बघा

फोर-बाय-फोरवाल्यांना मिळालेली ही मोठी सोय आहे आणि फार कमी लोक ती वापरतात. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असतील तर ते उघडून, टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, गाडी चालवा. पुढचा शाफ्ट आणि अ‍ॅक्सल फिरायचे थांबतात. मग हब लॉक करून, पण लिव्हर टू-व्हीललाच ठेवून, तोच रस्ता तोच वेग. फरक पडला तर दोष पुढच्या बाजूला. हब कायमचे जोडलेले असतील, जसे कितीतरी जुन्या जीपमध्ये असतात, तर पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांचे बोल्ट काढून सरळ उतरवा आणि टू-व्हीलमध्ये चालवून बघा. थरथर गेली तर दोष हातातच आहे.

मागचा शाफ्ट मात्र सहज म्हणून उतरवू नका. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असलेल्या ड्रमला असतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेक निव्वळ हवेत. टू-व्हीलला असलेली गाडी गिअरमध्ये टाकूनही थांबत नाही, कारण गिअर आणि चाक यांच्यातला दुवाच काढलेला असतो. उतार अगदी डोळ्यांना दिसणार नाही एवढा असला तरी गाडी चालायला लागते, आणि तुम्ही तिच्याखाली असता. दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, पक्की सपाट जमीन आणि जॅकखेरीज स्टँड, एवढं झाल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही. इंजिन चालू ठेवून फिरत्या शाफ्टजवळ तर कधीच नाही. सदऱ्याची बाही, गळ्यातला गमछा, काहीही अडकायला पुरतं.

नवशिक्यांची एक गफलत इथेच सांगतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळण घेतलं की गाडी अडखळते, जड होते, खालून कट्‌ कट्‌ आवाज येतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल (फेऱ्यांतला फरक सामावणारे गिअर) नसतं, त्यामुळे वळताना दोन्हींच्या फेऱ्यांतला फरक जिरायला जागाच नसते. हा बिघाड नाही, वापरण्यातली चूक आहे. फोर-व्हील मातीसाठी, वाळूसाठी, चिखलासाठी.

गाडीखाली: हाताने आणि डोळ्यांनी

गाडी न्यूट्रलला, चाकांना ठोकळे. शाफ्टचा एकेक क्रॉस घ्या. एका हाताने शाफ्ट, दुसऱ्याने समोरचा फ्लँज (शाफ्ट ज्याला बोल्टने जोडतात ती चकती) धरा आणि उलट-सुलट पिळा. मग शाफ्ट वर-खाली ढकला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला काहीच जाणवत नाही. जरासाही खट्‌ असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळाला तर तो क्रॉस गेला. पण प्ले नसतानाही क्रॉस खराब असू शकतो, आणि तो डोळ्यांनी पकडायचा. क्रॉसच्या टोपीच्या कडेला टॉर्च मारा. हळदी-कुंकवातल्या कुंकवासारखी लालसर, कोरडी भुकटी दिसली की समजा आतलं ग्रीस संपलंय आणि बेअरिंगच्या बारीक सुया गंजून दळल्या जातायत. ही खूण मला कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची वाटते. असा क्रॉस काढला की त्याच्या दांड्यावर सुयांच्या रेघा नखाला लागतात.

मग शाफ्टची नळी. कुठे दगडावर आपटून खोक पडलीय का? नळीच्या टोकाजवळ छोटे चौकोनी पत्रे वेल्ड केलेले असतात, ती तोलाची वजनं. त्यांतलं एखादं पडलं असेल तर तिथे वेल्डिंगचे दोन ठिपके आणि मधे रिकामी जागा दिसते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझे सहा महिने गेले. मागचा शाफ्ट लांबी कमी-जास्त होण्यासाठी दातेरी स्लिप जॉइंटवर सरकतो. तो जॉइंट पूर्ण ओढून काढला आणि एक-दोन दात पुढे-मागे बसवला तरी बसतो, कुठेही अडत नाही, बोल्टही नीट लागतात. पण एकच क्रॉस कोनात फिरवला की पलीकडची गती सारखी राहत नाही. दर फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढ-उतार उलटी करून मोडून काढतो. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे फाटे, एकाच पातळीत असावे लागतात. ते एका रेषेत नसतील तर चढ-उतार मोडायच्या ऐवजी अंगावर उरते. तपासायला शाफ्ट फिरवून एका टोकाचे कान आडवे करा, त्यावर एक सरळ पट्टी धरा, आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. तिथलेही आडवेच दिसले पाहिजेत. पुष्कळ शाफ्टवर जुळवण्यासाठी बाणाच्या खुणा असतात; तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसतात.

कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप चालतं. गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी, जॅकवर नाही. ट्रान्सफर केसचा मागचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज, तिन्हींचे कोन लिहून घ्या. दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. नळी आणि प्रत्येक फ्लँज यांच्यातला कोन तीन अंशांच्या आत असेल तर उत्तम; अगदी शून्यही नको, नाहीतर सुया एकाच जागी घासत राहतात. गाडी उंच केली असेल, लांब शॅकल घातले असतील किंवा पाट्यांत पानं वाढवली असतील, तर हे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. शॅकल लांब केल्याने अ‍ॅक्सल कलतो आणि पिनियनचं तोंड फिरतं. त्यावर पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये योग्य उताराची पाचर घालणं हा इलाज आहे. उंची वाढवताना हे कुणी सांगत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण नवा मालक मग निष्कारण क्रॉसमागून क्रॉस बदलत बसतो.

शेवटी फाउंडेशन. जिप्सीच्या ट्रान्सफर केसखाली लाकडी दांडा लावून हलकेच वर उचला आणि तिन्ही रबरांकडे बघा. रबर धातूपासून सुटून फट पडली की समजा ते गेलं. एक गेलं की ट्रान्सफर केस झुकतो, तिन्ही शाफ्टचे कोन एकदम बिघडतात, आणि लक्षण मात्र क्रॉस गेल्यासारखं दिसतं. सोबत पाट्यांचे यू-बोल्ट आणि पिनियनच्या सीलमधून तेलाची गळती बघून घ्या. पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलला तर ते काम जाणत्या मिस्त्रींचंच.

दुरुस्ती करून घेताना

शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या रंगाने किंवा सेंटर पंचने चार ठिकाणी खुणा करा: दोन्ही फ्लँजवर समोरासमोर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही बाजूंना. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी ही खूण तुम्हीच करा.

क्रॉस बदलताना हातोड्याने ठोकण्याऐवजी व्हाइसमध्ये गोटी लावून दाबायला सांगा. ठोकताना एखादी सुई आडवी पडते, टोपी पूर्ण बसत नाही, टोपी धरून ठेवणारी सर्क्लिप खाचेत जात नाही, आणि नवा क्रॉस हजार किलोमीटरही टिकत नाही. बसल्यावर तो बोटांनी चारही दिशांना सारखाच फिरला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. एका शाफ्टचे दोन्ही क्रॉस एकदमच बदला. फ्लँजला हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट चालत नाही, जास्त ताण सोसणारा हाय-टेन्साइलच हवा.

क्रॉस, कोन, फाउंडेशन सगळं ठीक आणि तरी थरथर? मग शाफ्टचा तोल. बॅलन्सिंगला देण्याआधी एक घरगुती उपाय करा. नळीच्या मागच्या टोकाजवळ खडूने एक ते चार असे चार समान भाग पाडा. पाइपला लावतो ती होज क्लिप घट्ट आवळा, तिचा स्क्रू एकवर ठेवा, गाडी चालवून बघा. मग दोनवर, तीनवर, चारवर. एखाद्या जागी थरथर कमी झाली तर दोष तोलाचाच, हे पक्कं; आता शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे नेण्यात पैसे वाया जाणार नाहीत. चारही जागी काहीच फरक पडला नाही तर वही उघडून तिसऱ्या चाचणीपासून पुन्हा सुरू करा.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तोच माणूस शेजारी बसवून चालवा आणि जुन्या आकड्यांच्या बाजूला नवे आकडे लिहा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर फ्लँजचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळून बघा, आणि ग्रीस गन हातात असेल तर गिअरबॉक्समागच्या त्या आखूड शाफ्टलाही ग्रीस भरायचं निपल आहे का ते शोधून दोन स्ट्रोक मारा.